जुन्या गाडीत हत्यार-पाने लपवायचे कसे: राजदूत मोटरसायकलवर केलेला सगळा उद्योग

सारंगखेड्याच्या यात्रेत माझी खाकी पिशवी गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. घोडे बघायचे म्हणून तापीच्या काठाला गाडी लावली, अर्ध्या तासाने परत आलो तर राजदूत जागेवर आणि बाजूला लटकवलेली पिशवी गायब, आत नट खोलायचे पाने, पक्कड, नवाकोरा स्पार्क प्लग, टायर खोलायच्या दोन पट्ट्या, सगळं गेलं. गाडी नेली नाही म्हणून खूश व्हायचं की गाडी कोणाला न्यावीशीच वाटली नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं तेच कळेना. शेजारचा चहावाला म्हणे, "अशी टांगी दिन्ही तू पिशवी, मंग काय व्हई भो?"

खरं सांगू का, ती पिशवी गेली ते एका अर्थी बरंच झालं. ७४ सालची गाडी, काकांनी तिच्यावर वर्षानुवर्षं दुधाचे कॅन वाहिले, मग ती गोठ्याच्या मागे पडून होती, मी दोन वर्षं घालवून ती उभी केली, टाकीवरच्या रेघा हाताने मारून घेतल्या, आणि कोणी फोटो काढला की त्यात पहिली दिसायची ती पिशवी. पण हत्याराशिवाय जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन निघणं म्हणजे ढकलायची तयारी ठेवून निघणं. अमळनेर ते चोपडा रस्त्यावर रात्री प्लग काळा पडला तर कोण येणार आहे.

तर मग मी ठरवलं की सामान गाडीवरच राहील, डोळ्याला दिसणार नाही, पण रात्री अंधारात माझ्या हाताला बरोबर सापडेल, आणि हे करताना गाडीला एकही नवीन भोक पडणार नाही. या तीन गोष्टी एकत्र जमवायला मला सहा-सात महिने लागले, तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी माझी राजदूत आहे पण बुलेट, जावा, येझदी कोणालाही यातलं बरंचसं चालेल, फक्त कुठल्या कव्हरमागे काय आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, ते आपलं आपण उघडून बघायचं.

भोक नको हे मी का म्हणतो ते आधी सांगतो. एक तर चेसिसला ड्रिल मारलं की तिथून गंज सुरू होतो आणि पाईप कमजोर पडतो. दुसरं म्हणजे २०२१ पासून विंटेज गाड्यांच्या रजिस्ट्रेशनचा वेगळा नियम आलाय, ५० वर्षांच्या वरची गाडी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली, अशी असेल तर तिला नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं असलेली पाटी मिळते, दहा वर्षांसाठी. ती घेतली की रोज वापरायची मुभा नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, त्यामुळे ज्याला रोज बाजारात न्यायची आहे तो तिकडे जाणार नाही. पण उद्या मन झालं तर गाडी कापलेली, वेल्डिंग केलेली नको. म्हणून मी जे काही लावलंय ते अर्ध्या तासात काढून गाडी होती तशी करता येते.

आधी सामान कमी करा, जागा नंतर शोधा

सगळे उलटं करतात, आधी डबा शोधतात मग त्यात कोंबतात. मीही तेच केलं होतं, पहिल्यांदा भाजीच्या काट्यावर वजन केलं तर साडेचार किलो भरलं! त्यात एक हातोडी होती, ती मी कशाला घेतली होती ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मी एका रविवारी गाडी अंगणात स्टँडवर लावली, सगळी हत्यारं एका सुपात ओतली आणि रस्त्यात जी जी कामं पडू शकतात ती सगळी तिथेच करून बघितली. प्लग काढणं, पॉईंट (प्लगची ठिणगी पाडणारी उघडझाप करणारी पट्टी) साफ करून गॅप लावणं, कार्बोरेटरची वाटी काढून जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) फुंकणं, क्लच केबल बदलणं, चेन आवळणं, मागचं चाक काढून ट्यूब बाहेर काढणं. ज्या हत्याराला हात लागला ते सतरंजीवर, ज्याला लागला नाही ते परत घरात. हे मनाने नाही करायचं, खरोखर करायचं, कारण मागच्या चाकाची एक्सल सोडवताना मला कळलं की माझा पाना इतका आखूड होता की ती हललीच नाही, शेवटी त्यावर पाईप घालून जोर लावावा लागला.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. जुनी गाडी रिस्टोअर झाली की तिच्यात नट-बोल्टची खिचडी होते. राजदूतचं मूळ डिझाईन पोलंडच्या एसएचएल एम-११ चं, त्यामुळे मापं मिलिमीटरची, पण मेकॅनिक हाताला येईल तो बोल्ट लावतो. आठ एमएमच्या बोल्टला युरोपियन डोकं १३ चं असतं आणि जपानी गाड्यांचं १२ चं, म्हणजे एकाच जाडीच्या बोल्टसाठी दोन पाने वागवायचे. माझ्या गाडीत बाहेरून हात लागणाऱ्या नटांना १०, १२, १३, १४, १७ आणि १९ असे सहा पाने लागत होते. मी हार्डवेअरच्या दुकानातून थोडे नट-बोल्ट आणून १२ आणि १४ ची डोकी बदलून टाकली, दोन पाने कमी झाले. डबा मोठा करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. फक्त इंजिनाच्या आणि ब्रेकच्या बोल्टांना असं काही करू नका, तिथे जे मूळ आहे तेच राहू द्या.

जुनी बुलेट असेल तर वेगळंच. ती इंग्लंडची पोर, तिच्यात बऱ्याच ठिकाणी व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या इंग्रजी इंची मापांचे नट निघतात. पाव इंची व्हिटवर्थचा पाना ०.५२५ इंचाचा, म्हणजे १३.३ एमएम, तिथे १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा फिरतो नि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. मित्राच्या गाडीचे अर्धे नट असेच गोल झाले होते. बुलेटवाल्यांनी इंची पाने शोधून घ्यावेत, जुन्या बाजारात मिळतात, आणि ॲडजस्टेबल पान्याच्या नादी लागू नये.

शेवटी माझ्याकडे उरलं ते असं: १०-१३ चा आणि १७-१९ चा पाना, प्लग पाना आणि त्याची टॉमी (फिरवायची दांडी), दोन्ही बाजूंनी वापरता येईल असा पेचकस, छोटी पक्कड, गॅप मोजायच्या फीलर गेजची फक्त एक पट्टी (माझ्या पॉईंटला ०.४ एमएम लागते, तुमची मॅन्युअलमध्ये बघा, पट्ट्यांचा अख्खा पंखा वागवायची गरज नाही), पॉलिश पेपरचा तुकडा, टायर खोलायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचे पॅच आणि सोल्युशन, एक प्लग, पॉईंट, कंडेन्सर, चेन लॉक (चेन जोडायची कडी), फ्यूज, मीटरभर वायर, थोडी बाइंडिंग तार. एक किलो नऊशे ग्राम. सोल्युशनची ट्यूब दर पावसाळ्यानंतर नवी घ्या, एकदा फोडलेली ट्यूब आतल्या आत वाळते आणि ऐनवेळी दगड निघतो.

जागा मोजायची ती ज्वारीने

आता जागा. सीटखाली, बाजूच्या कव्हरमागे, बॅटरीच्या आजूबाजूला अशा पोकळ्या असतात पण त्या काही चौकोनी नसतात, टेप लावून काही कळत नाही. आमच्या आईने दिलेली आयडिया आहे ही, तिला वाटलं मी उगाच टेप घेऊन दोन तास बसलोय. पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या, त्यात ज्वारी भरा, आमच्याकडे दादर जातीची असते, गहूही चालतील, पिशवीचं तोंड सैल बांधा आणि ती पोकळीत दाबून बसवा, मग कव्हर लावून बघा. कव्हर बसत नसेल तर थोडे दाणे कमी करा. बसलं की पिशवी काढून दाणे लिटरच्या मापात ओता. माझ्या एका बाजूच्या कव्हरमागे सव्वा लिटर निघाली. आठ सेंटिमीटर जाड आणि वीस सेंटिमीटर लांब गुंडाळी म्हणजे जवळजवळ एक लिटर, तेव्हा मला तिथेच कळलं की पाने इथे बसतील, टायरच्या पट्ट्या बसणार नाहीत. (पिशवी फाटली तर दाणे पुढचे दोन महिने गाडीतून पडत राहतात, चिमण्या मागे लागतात.)

मोजून झालं तरी लगेच खूश होऊ नका. गाडी उभी असताना जी जागा दिसते ती चालताना तेवढीच राहत नाही. मागचं चाक खड्ड्यात वर येतं, सीटचा तळ दोन माणसं बसली की खाली येतो. यासाठी भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा जिथे सामान येणार त्याच्या वर ठेवा, सीट लावा, दोन दणकट माणसं बसवा आणि गाडी दाबून हलवा. सीट काढून गोळा किती चपटा झाला ते बघा. सामानावर बोटभर जागा उरायलाच हवी. चाकाच्या बाजूलाही तसंच.

काही जागा बघायच्याच नाहीत. हेडलाईटच्या वाटीत जागा दिसते पण सगळी वायरिंग तिथेच असते, लोखंड तिथे नको. एअर फिल्टरच्या डब्यात तर मुळीच नको, हवा अडली की गाडी पेट्रोल जास्त पिते आणि प्लग काळा पडतो, म्हणजे ज्या कामासाठी हत्यारं ठेवली तेच काम तुम्ही तयार करताय. सायलेन्सरच्या जवळ सोल्युशन ठेवायचं नाही हे सांगायला नको.

बॅटरीची गोष्ट

हे जरा लांबवतो कारण इथे मी गाडी जाळता जाळता वाचलोय.

पिशवी गेल्यानंतर घाईत मी पाने एका फडक्यात बांधले आणि सीटखाली खोचले. मे महिना, एरंडोलहून धरणगावकडे चाललो होतो, एका स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि पुढच्या शंभर पावलांत रबर जळाल्याचा वास. थांबून सीट उचलली तर फडकं सरकलेलं आणि १७-१९ चा पाना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर आडवा झोपलेला, धूर निघतोय. शर्ट काढला, हाताला गुंडाळला आणि पाना ओढून फेकला. तो पाना अजून माझ्याकडे आहे, त्याच्या काठाला उंदराने कुरतडल्यासारखा खड्डा पडलाय. फ्यूज शाबूत होता! कारण शॉर्ट फ्यूजच्या अलीकडे झाला, बॅटरीवरच. सहा व्होल्टची म्हणून काही होत नाही असं समजणाऱ्यांनी तो पाना येऊन बघावा.

त्यामुळे एकच सांगणं, सीटखाली काहीही ठेवायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर रबरी टोप्या घाला, नाही मिळाल्या तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बांधा, आणि बॅटरी नि लोखंड यांच्यामध्ये एक पक्की भिंत हवी, फडकं म्हणजे भिंत नाही. ॲसिडची बॅटरी असेल तर तिच्या वाफेनेही पाने गंजतात, तेवढ्यासाठीही दूर ठेवा.

पण याच बॅटरीच्या जागेत एक छान चोरकप्पा होतो. मूळ बॅटरी चांगली दणकट असते, साधारण १२ सेंटिमीटर लांब, ६ रुंद, १३ उंच. आता इमर्जन्सी लाईटमध्ये येते ती ६ व्होल्ट साडेचार एएचची सीलबंद बॅटरी ७ सेंटिमीटर लांब, पावणेपाच रुंद आणि १० उंच असते. म्हणजे जुन्या मापाचा खोटा डबा केला तर आत बॅटरी बसून शेजारी पाचेक सेंटिमीटरचा कप्पा उरतो. जुनी बॅटरी फोडून तिचं खोकं वापरायचा मोह होईल, करू नका, आत ॲसिड आणि शिसं असतं, ती दुकानात जमा करा. मी बोर्ड रंगवणाऱ्याकडून सनबोर्डच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या, खोकं चिकटवलं, काळा रंग दिला, वर जुन्यासारखी तीन झाकणं चिकटवली. लांबून कोणी म्हणणार नाही. मधल्या भिंतीपलीकडच्या कप्प्यात पॉईंट, कंडेन्सर, फ्यूज, पॅच, चेन लॉक, सगळं बारीक सामान एका प्लास्टिकच्या डबीत. पाने इथे ठेवायचे नाहीत, एकदा अक्कल आली तेवढी पुरे.

मात्र एक बघून घ्या. जुन्या गाड्यांचं चार्जिंग काही सरळ नसतं. मल्टीमीटर लावून गाडी जरा रेस करा, बॅटरीवर साडेसात व्होल्टच्या वर जात असेल तर सीलबंद बॅटरी फुगते, मग आधी रेग्युलेटरचं बघा किंवा हा प्रकार सोडून द्या. आणि छोट्या बॅटरीवर गाडी बंद करून हॉर्न वाजवत बसायचं नाही, तेवढा दम तिच्यात नाही.

गुंडाळी

पाने खडखडले की अख्ख्या गावाला कळतं की आत काहीतरी आहे. शिवाय लोखंडावर लोखंड घासून पत्र्याचा रंग आतून जातो. म्हणून गुंडाळी हवीच. रेक्झिन किंवा चामडं दिसायला छान पण चामड्यात ओल धरून राहते आणि पाने गंजतात. मी जाड मांजरपाट दुहेरी करून घेतलं, जुनी जीन्सही चालेल. मशीन घरात नसेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडे जा, टेलर नाक मुरडतो.

कापड ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच. खालून १३ सेंटिमीटर वर दुमडायचं, त्याचे कप्पे होतात. वर उरलेल्या २७ मध्ये १९-२० लांबीचे पाने बसून सात-आठ सेंटिमीटरची झापड राहते, ती पान्यांच्या तोंडावर पडली पाहिजे, नाहीतर वळणावर पाने वरून निसटतात. प्रत्येक कप्पा पान्याच्या रुंदीपेक्षा दीड सेंटिमीटर मोठा. पाने ठेवताना एकाचं जाड तोंड वर तर दुसऱ्याचं खाली असे ठेवा, सगळी डोकी एका बाजूला आली तर गुंडाळी एका टोकाला मुळ्यासारखी जाड होते आणि कव्हर लागत नाही. बांधायला बक्कल नको, ते वाजतं, कापडाचीच नाडी शिवा. आणि कप्प्याच्या आतल्या अंगाला मी लाल कापड लावलंय, म्हणजे कप्पा रिकामा राहिला की लाल दिसतं, रस्त्याच्या कडेला काम करून पाना तिथेच मातीत विसरलात तर गुंडाळी करतानाच कळतं.

पान्यांवर आवाज थांबवायला बरेच जण इन्सुलेशन टेप गुंडाळतात. आपल्याकडे नाही चालत. जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं की काळ्या पत्र्यामागे टेपचा गोंद वितळतो, पाना चिकट होतो, त्याला धूळ लागते आणि हात गुळात घातल्यासारखे होतात. आपल्या शेतात त्यावर उत्तर पडलेलं असतंच, ठिबकची जुनी नळी. १६ एमएमची लॅटरल उभी चिरा, पान्याच्या दांड्याएवढी कापा, त्यावर चढवा. घट्ट बसते, वाजत नाही, फुकट.

पाने आत ठेवण्याआधी इंजिन ऑइलच्या बोटाने पुसून घ्यायचे, निथळेपर्यंत नाही, नुसता हात फिरवायचा.

टायरच्या पट्ट्या, केबल आणि इतर

टायरच्या पट्ट्या आणि प्लग पाना लांब आणि आडदांड, ते कुठेच बसेनात. इथे साडीगार्ड कामी आला. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असली पाहिजे असं मोटार वाहन नियम १२३ म्हणतो, जुन्या गाडीवरही ती बहुतेक असतेच आणि तिकडे कोणी बघत नाही. साडीगार्डच्या आतल्या बाजूला, शॉकअपच्या पुढे, चाक आणि चेनच्या रेषेच्या बाहेर जागा असेल तर तिथे पाईप बसतो. विहिरीवर लाइन टाकताना उरलेला ५० एमएमचा पीव्हीसी पाईप घेतला, २८ सेंटिमीटर कापला. एका टोकाची टोपी सोल्व्हंटने चिकटवली, दुसरी नुसती दाबून बसवली आणि तिच्यावर ट्यूबचं रबरी कडं चढवलं म्हणजे ती उडत नाही. खालच्या बाजूला अगरबत्तीएवढं छिद्र, पावसाचं पाणी निघायला (भोक पाडायचं ते पाईपला, गाडीला नाही). मॅट काळा रंग. चकचकीत मारला तर लगेच डोळ्यात भरतो, मी पहिल्यांदा चकचकीत मारला होता आणि सगळ्यांनी विचारलं की हे काय बसवलंय.

पाईप धरायला होज क्लॅम्प दोन, खाली ट्यूबची पट्टी गुंडाळून, जिथे आधीच बोल्ट आहेत त्यांच्याच आधाराने. प्लास्टिकच्या केबल टायवर भरवसा ठेवू नका, दोन उन्हाळ्यांत कडक होतात आणि टिचकी मारली तरी तुटतात. चुंबकाने चिकटवतात काही जण, ते शोरूममधल्या गाडीला ठीक, आपल्या रस्त्यांना नाही. पाईप लावल्यावर परत दोन माणसं बसवून चाक हाताने फिरवा, चेन बघा, ब्रेकचा रॉड बघा.

क्लच केबलला तर जागाच लागत नाही. नवी केबल घ्या, ऑइल सोडा, आणि चालू केबलच्या अंगालगत तीच वाट धरून टाकून ठेवा, दोन्ही टोकांना रबरी टोपी घालून, तीन-चार ठिकाणी बांधून. बघणाऱ्याला एकच जाड केबल दिसते. तुटली की जुनीची टोकं सोडायची, नवीची जोडायची, पाच मिनिटांत गाडी चालू. फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण पडत नाही ना. मीटरभर वायरही मी अशीच गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यासोबत बांधून टाकलीय.

हँडलच्या पाईपात डाव्या ग्रिपखाली पाचशेची नोट सुरळी करून राहते. उजवीकडे नको, काही जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल आतूनच फिरते.

कुलूप, आणि माझा गाढवपणा

जुन्या गाड्यांच्या कव्हरला कुलूप असलं तरी त्याचा फार उपयोग नसतो, एकाची चावी दुसऱ्याला लागते, कधी कधी कपाटाचीही लागते. नवीन चकचकीत कुलूप लावणं म्हणजे आत माल आहे अशी पाटी लावणं. मी कव्हरला साधा बोल्ट लावला, १० नंबरचा, दिसायला मूळचाच वाटतो. फार हुशारी केली असं वाटलं. पुढच्याच महिन्यात फागण्याजवळ प्लग गेला, खाली बसलो, आणि लक्षात आलं की कव्हर उघडायचा १० चा पाना कव्हरच्या आत आहे. एका ट्रॅक्टरवाल्याने पाना दिला, देताना हसला नाही, ते जास्त लागलं.

आता त्या बोल्टच्या डोक्यावर करवतीने आडवी खाच पाडून घेतलीय, त्यात नाणं बसतं. नाणं खिशात असतंच. लांबून बोल्टच दिसतो. तुम्हीही चोरकप्पा कसाही करा, तो उघडायची वस्तू बाहेर हवी.

मग खडबडीत रस्त्याला न्या

सगळं बसलं की लगेच लांब जायचं नाही. प्रत्येक नटावर आणि त्याच्या वॉशरवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. कव्हरच्या आतून पावडर शिंपडा, चेहऱ्याला लावायची चालेल. मग वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवा, तो शोधायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. परत आल्यावर नेलपॉलिशची रेघ तुटली असेल तर नट फिरलाय, तिथे स्प्रिंग वॉशर घाला. पावडर जिथे पुसली गेली तिथे काहीतरी घासतंय, तिथे ट्यूबची पट्टी चिकटवा. माझं दोन फेऱ्यांत झालं. आवाजासाठी गाडी बंद करून उतारावर न्यूट्रलमध्ये सोडा, इंजिन नसलं की कुठे काय खुळखुळतं ते साफ ऐकू येतं, रिकाम्या रस्त्यावर आणि ब्रेक तपासूनच.

शेवटची परीक्षा रात्रीची. अंगणातला दिवा बंद करा, मोबाईल घरात ठेवा, आणि प्लग काढून परत लावा. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, त्यातली सात नुसती पेचकस शोधण्यात, म्हणून आता तो गुंडाळीच्या पहिल्याच कप्प्यात असतो. आता चार मिनिटं लागतात.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा गुंडाळी काढून उन्हात टाकायची, पाने पुसायचे. तेव्हाच सामानही मोजून होतं. सगळं कुठे आहे ते मला आणि पुतण्याला, दोघांनाच माहीत, कारण मी नसताना गाडी बंद पडली तर घरात कोणाला तरी कळायला हवं. परवा गुंडाळी उघडली तर एक लाल कप्पा उघडा, १०-१३ चा पाना गायब. सायकलची सीट वर करायला नेला होता म्हणे, सापडला तो थेट केळीच्या बागेत, व्हॉल्व्हजवळ.